डिझेल गाडीचा पिकअप गेला, ॲव्हरेज १९ वरून १४ वर. टर्बोच बदलायचा का?

लोकमान्यनगरकर

गाडी २०१८ ची बीएस-४ डिझेल हॅचबॅक, १२४८ सीसी, ७५ पीएस, साधा फिक्स्ड टर्बो. चाललीय १,१८,००० किमी.

पूर्वी १८०० आरपीएमच्या आसपास टर्बो लागला की गाडी पुढे झेपावायची. आता २५०० पर्यंत काहीच होत नाही, त्यानंतरही कशीबशी उठते. खलघाटकडून इंदूरला परत येताना गणेश घाट चौथ्या गिअरमध्ये चढायची, आता तिसरा टाकावा लागतो आणि पूर्ण दाबली की मागे काळा धूर. शहर आणि बायपास मिळून १९ चा ॲव्हरेज १४ वर आलाय.

चेक इंजिन दिवा लागत नाही. स्टार्टिंग अर्ध्या सेल्फमध्ये, आयडलिंग गुळगुळीत. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर नवे टाकलेत, टाकीत इंजेक्टर क्लीनरची बाटलीही ओतली. काही फरक नाही. मिस्त्री म्हणतात टर्बो गेला, पूर्ण असेंब्ली बदला. एवढा खर्च करण्याआधी काय काय तपासून घ्यावं?

खंडवारोड

आधी १४ हा आकडा कसा काढलात ते सांगा. मीटरवर दिसणारा असेल तर तो बाजूला ठेवा. इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जेवढं डिझेल सोडायला सांगतो त्यावरून तो हिशोब होतो, प्रत्यक्ष किती गेलं ते त्याला मोजता येत नाही.

टाकी ते टाकी मोजा. एकच पंप, तेच नोझल, पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं. "राउंड फिगर करू का?" म्हणाला तर नको म्हणायचं. निदान ३० लिटर जळू द्या. बंद होण्याच्या जागेत लिटरभराचा फरक सहज पडतो. १० लिटरच्या भरण्यात तो १० टक्के होतो, ३० लिटरमध्ये ३ टक्के. पंपाच्या मापाची शंका असेल तर प्रत्येक पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप असतं, मागितलं की दाखवावं लागतं. २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो.

आणखी एक. निमाडात, म्हणजे घाटाखाली नर्मदेच्या खोऱ्यात, उतरताना मोजलेला ॲव्हरेज आपल्याकडे लोक फार अभिमानाने सांगतात. इंदूर साडेपाचशे मीटरवर, खलघाट नर्मदेच्या काठावर. जाऊन परत आल्याशिवाय तो आकडा धरू नका.

मग गाडी कुठे अडते का ते बघा. दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे टायर थंड असताना हवा भरा. १५-२० किमी जोरात ब्रेक न मारता चालवा, थांबल्यावर चारही चाकांच्या मध्यभागाचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. पुढची दोन्ही जवळपास सारखी हवीत, मागचीही तशीच. एखादं चाक आपल्या जोडीदारापेक्षा ३० अंशांनी गरम असेल तर तिथे ब्रेक धरून बसलाय. बहुतेक वेळा कॅलिपरची स्लायडर पिन सुकलेली असते, नाहीतर हँडब्रेकची केबल परतत नाही. क्लच बघायचा तर चौथ्या गिअरमध्ये १५०० वरून पूर्ण दाबा. सुई झटकन चढली आणि वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतोय.

काळा धूर मात्र ब्रेकने येत नाही. त्याचं वेगळं.

रेलप्रेशर

दादा, टर्बोची ऑर्डर आज देऊ नका. तुम्ही सांगितलेल्या खुणांमध्ये सगळ्यात कामाची खूण काळा धूर आहे.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. आता इसीयू डिझेल किती सोडायचं ते कशावरून ठरवतो? या पिढीच्या बहुतेक गाड्यांत एअर फिल्टरनंतर बसवलेल्या एमएएफ, म्हणजे आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरवरून. जेवढी हवा तिथून गेली तेवढ्याच हवेला झेपेल इतकं डिझेल, धूर होऊ नये म्हणून. यावरून दोन रस्ते फुटतात.

एमएएफ घाण होऊन कमी हवा दाखवत असेल तर इसीयू डिझेलही कमी करतो. गाडी मरगळलेली राहते पण धूर येत नाही. याउलट हवा एमएएफवरून बरोबर मोजली गेली आणि पुढे टर्बो व मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) यांच्या मधे कुठेतरी बाहेर निसटली, तर इसीयू मोजलेल्या हवेचं डिझेल सोडतो आणि सिलिंडरमध्ये ती हवा पोचलेलीच नसते. पिकअपही नाही आणि धूरही. तुमची गाडी दुसऱ्या रस्त्यावर दिसते. नवीन एअर फिल्टरने काही बदललं नाही याचंही कारण तेच असू शकतं.

नक्की करायला गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचा ब्लूटूथवाला साधा ओबीडी डोंगल आणि फोनवरचं ॲप पुरेल. पुढचे आकडे घ्या. गाडी दुसऱ्याने चालवावी, तुम्ही फोन धरा.

चावी चालू, इंजिन बंद: एमएपी म्हणजे मॅनिफोल्डचा दाब. इंदूरच्या उंचीला तो ९४-९५ किलोपास्कलच्या आसपास हवा. समुद्रकाठच्या १०१ ची अपेक्षा करू नका. इथे ८५ किंवा १०५ दिसला तर सेन्सरच खोटं बोलतोय, पुढचं मोजण्यात अर्थ नाही.

आयडल, इंजिन गरम, एसी बंद: एमएएफ. याचा हिशोब घरी करता येतो. एका सिलिंडरचं आकारमान ३१२ सीसी. आपल्याकडच्या दाबाला आणि ३० अंशांना एक लिटर हवा साधारण १.०९ ग्रॅम. म्हणजे पूर्ण भरला तर ३४० मिलिग्रॅम, प्रत्यक्षात ८५ ते ९० टक्के भरतो, म्हणून ३०० धरा. ८५० आरपीएमला हे साडेआठ ग्रॅम प्रतिसेकंद होतात. ईजीआर, म्हणजे धुराड्याचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, उघडा असेल तर तो वायू जागा खातो आणि आकडा ४-५ पर्यंत उतरतो, ते ठीक. बऱ्याच गाड्यांत काही मिनिटं आयडलला उभं राहिल्यावर इसीयू ईजीआर बंद करतो, तेव्हा आकडा आठाच्या पुढे जायला हवा. गेलाच नाही तर ईजीआर कार्बनने अडकून उघडा राहिलाय, किंवा एमएएफ कमी दाखवतोय.

तिसरा गिअर, १५०० वरून पॅडल पूर्ण खाली, २५०० आरपीएमला: एमएएफ, एमएपी, रेल प्रेशर (इंजेक्टरांना पुरवणाऱ्या नळीतला डिझेलचा दाब) मागितलेलं आणि मिळालेलं. खरी परीक्षा ही. सुपर कॉरिडॉरवर सकाळी सहाला रस्ता मोकळा असतो, तिथे होऊन जाईल. एमएपी २०० च्या पुढे जायला हवा. दोन्ही आकडे एकत्र वाचायचे असतात:

एमएएफ चांगला, एमएपी कमी: टर्बोनंतर गळती.
एमएएफ कमी, एमएपीही कमी: फिल्टरच्या डब्यात किंवा आधीच्या पाइपमध्ये अडथळा, वेस्टगेट (टर्बोचा जादा दाब सोडणारी झडप) उघडा अडकलेला, टर्बो थकलेला, नाहीतर पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलेला.
एमएएफ कमी, एमएपी ठीक: ईजीआर दाबाखालीही उघडा, किंवा एमएएफ घाण.

चेक इंजिन दिवा नाही म्हणून निश्चिंत राहू नका. पी०२९९ हा कमी बूस्टचा, म्हणजे टर्बोचा दाब कमी पडल्याचा, कोड यायला ठरावीक फरक ठरावीक वेळ टिकावा लागतो. शहरात तेवढा वेळ कोणी पॅडल दाबून धरत नाही. पीयूसीचंही तसंच. बीएस-४ डिझेलला धुराची मर्यादा १.६२ प्रतिमीटर आहे, पण ती चाचणी गाडी उभी ठेवून रेस मारून होते. इंजिनवर ओझं नाही, टर्बो नीट भरत नाही. त्यामुळे होज फाटलेली गाडी पीयूसी आरामात पास होते आणि घाटात धूर सोडते.

नोझलवाला

रेलप्रेशर भाऊंचं हवेबद्दलचं म्हणणं पटतं, पण १,१८,००० किमीला इंजेक्टरकडे पाठ फिरवू नका. काळा धूर नोझल ठिबकल्यानेही येतो.

फक्त मग आयडलिंग खडबडीत असतं, सकाळी पहिल्या स्टार्टला पांढुरका धूर आणि खडखड आवाज येतो. तुमच्याकडे यातलं काही नाही, म्हणून मी त्याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. तरीही रिटर्न, म्हणजे इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल, तपासून घ्या, स्वस्त काम आहे. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून चार सारख्या पारदर्शक बाटल्यांत सोडायच्या, मूळ रिटर्न लाइनचं तोंड बंद करायचं, आणि आयडलला पाच मिनिटं. चारही बाटल्यांत पातळी जवळजवळ सारखी हवी. एकीत इतरांच्या दुपटीहून जास्त साचलं तर तो इंजेक्टर आतून गळतोय. रिटर्न फार वाढला की रेल प्रेशर मागणीइतकं चढत नाही आणि सेल्फही लांबतो. एक सूचना: हाय प्रेशरच्या लोखंडी पाइपांना चालू इंजिनात हात लावायचा नाही. आयडललाच तिथे २५०-३०० बार असतो, बारीक फवारा कातडीत घुसतो.

इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर आणि "फुस फुस" आवाज असेल तर खालचा तांब्याचा वॉशर गेलाय. नवीन टाकताना बैठक साफ करून घ्या, जुना वॉशर उलटा करून लावणारे मिस्त्री आहेत.

आणि त्या बाटलीतल्या क्लीनरने यातलं काहीही दुरुस्त होत नाही. झिजलेला व्हॉल्व्ह औषधाने भरून येत नसतो.

राऊकर

मधेच विचारतो, माफ करा. माझी बीएस-६ डिझेल एसयूव्ही आहे, तीही सुस्त झालीय आणि ॲव्हरेज पडलाय. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर दिसतं. राऊ ते पलासिया रोजचं, बाकी फारसं नाही. हाच इलाज?

रेलप्रेशर

नाही, तुमचं दुखणं वेगळं आहे. बीएस-६ मध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. त्यात साठलेली काजळी जाळायला आत साधारण ६०० अंश तापमान लागतं. ते गाठण्यासाठी इसीयू जादा डिझेल सोडतो आणि १५-२० मिनिटं सलग चालावी लागते. सिग्नलवर थांबत थांबत ते पूर्ण होत नाही, तुम्ही पोचून इंजिन बंद करता, उद्या पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी थोडं न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळी वाढलीय ती त्यामुळे.

ऑइल आधी बदला, पातळ झालेल्या ऑइलवर हायवेला पळवू नका. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं कमी राखेचं, एसीईए सी वर्गाचंच टाका. राख जळत नाही, ती डीपीएफमध्ये कायमची बसते. मग देवास बायपासला एक फेरी, ३०-४० किमी, २००० आरपीएमच्या वर राहील असा गिअर ठेवून. आयडल थोडा चढलेला, फॅन जोरात, क्षणिक ॲव्हरेज पडलेला दिसला तर रिजनरेशन, म्हणजे ही काजळी जाळणं, चालू आहे, तेव्हा बंद करू नका आणि वाळक्या गवतावर उभी करू नका. डीपीएफचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र फेरीने भागणार नाही, स्कॅनरने सर्व्हिस रिजनरेशन करून घ्या. डीपीएफ कापून काढायचा सल्ला कोणी देईलच. तो बेकायदा आहे आणि बीएस-६ च्या पीयूसीत अडकाल.

लोकमान्यनगरकर

आकडे घेतले.

चावी चालू, इंजिन बंद: एमएपी ९५.
आयडल ८५०: एमएएफ आधी ५.१, काही मिनिटांनी ८.३.
तिसरा गिअर, २५०० आरपीएम, पूर्ण दाबून: एमएएफ ४९ ग्रॅम प्रतिसेकंद, एमएपी १५०. रेल प्रेशर मागितलेलं १२०० बार, मिळालेलं ११९०.
चाकं चारही ठीक, पुढची ५२-५४, मागची ४५-४६. क्लच घसरत नाही.
टाकी ते टाकी १४.३.

ॲपमध्ये कूलंटचं तापमानही दिसत होतं म्हणून लिहितो: बायपासला ८० च्या वेगात ६८ ते ७०, राजवाड्याच्या गर्दीत ८४ पर्यंत.

रेलप्रेशर

शेवटची ओळ न विचारता लिहिलीत ते फार बरं केलंत.

आधी हवा. प्रत्येक स्ट्रोकची हवा काढायची तर ग्रॅम प्रतिसेकंद गुणिले १२०, भागिले आरपीएम गुणिले ४. म्हणजे ४९ × १२० ÷ १०,००० = ०.५८८. एमएएफच्या मते दर स्ट्रोकला ५८८ मिलिग्रॅम हवा गेली. आता १५० किलोपास्कलला, इन्टेक हवा ५० अंश धरून, ३१२ सीसीच्या सिलिंडरमध्ये ९० टक्के भरला तरी जेमतेम ४५५ मावतात. मधले १३० मिलिग्रॅम कुठे गेले? वाटेत बाहेर. जवळपास एक पंचमांश हवा आणि त्या हवेच्या हिशोबाचं डिझेल मात्र आत. धूर तोच.

यातून टर्बो बराचसा निर्दोष सुटतो. ४९ ग्रॅम हवा ओढणारा टर्बो मेलेला नाही. खात्रीसाठी इन्टेक पाइप काढाल तेव्हा शाफ्ट बोटांनी हलवून बघा. आडवा किंचित हलला तर चालतं, आत-बाहेर हलता कामा नये, आणि पाती टर्बोच्या घराला घासल्याच्या खुणा नकोत. पाइपमध्ये ऑइलचा पातळ ओलावा दिसेल, त्यावरून "टर्बो ऑइल टाकतोय" म्हणतील. तो क्रॅंककेसच्या ब्रीदरचा (इंजिनच्या खालच्या भागातली वाफ इन्टेकमध्ये सोडणारी नळी) असतो, थोडा असणारच. ईजीआरही बंद होतोय, ५.१ वरून ८.३ ने ते सांगितलं. रेल प्रेशर मागणीप्रमाणे मिळतंय.

गळती शोधायची पद्धत. टर्बोच्या बाहेर पडणारा होज टर्बोकडून सोडवा, त्याच्या तोंडात पीव्हीसी पाइपची टोपी आणि टायरचा व्हॉल्व्ह बसवून क्लॅम्प आवळा, रेग्युलेटर लावून अर्धा ते पाऊण बार हवा सोडा. एक बारच्या वर जाऊ नका. टर्बोच्या आधीच्या पाइपातून हवा भरायची नाही, कारण ब्रीदरची नळी तिथेच जोडलेली असते आणि दाब क्रॅंककेसमध्ये जाऊन ऑइल सील ढकलतो. मग साबणाचं पाणी फवारा: इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) दोन्ही सांधे, होजच्या वळणाची खालची बाजू, एमएपी सेन्सरची ओ-रिंग, इंटरकूलरच्या प्लॅस्टिक टाक्यांची शिवण. वरून होज धडधाकट दिसतो, चीर नेहमी खाली असते, जिथे ब्रीदरचं ऑइल साचून रबर फुगतं. काही चिरा दाबाखालीच उघडतात, म्हणून नुसतं बघून "ठीक आहे" म्हणण्याला अर्थ नाही. बाहेरून तेलकट काळा डाग जिथे असेल तिथून सुरुवात करा.

हवेचा आवाज सायलेन्सरमधून आला तर ईजीआर पूर्ण बसत नाहीये, तेव्हा तो काढून साफ करा.

पण एवढ्याने १४ चे १९ होतील असं मला वाटत नाही. ओझं नसताना, बायपासला एकसारख्या वेगात, बूस्ट थोडाच असतो आणि गळतीही थोडी. ॲव्हरेजचा मोठा चोर त्या ६८ अंशांत आहे.

खंडवारोड

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. उघडा अडकलाय किंवा आहेच नाही. आपल्याकडे मे महिन्यात कोणाची गाडी गरम झाली की मिस्त्री तो काढून फेकतात आणि "आता कधी गरम होणार नाही" म्हणतात. गरम होत नाही हे खरं, पण इंजिन जन्मभर वॉर्मअपमध्ये राहतं. इसीयूला इंजिन थंड दिसतं म्हणून तो डिझेलचं प्रमाण आणि वेळ त्या हिशोबाने ठेवतो, ऑइल घट्ट राहून घर्षण वाढतं, काजळीही जास्त. गर्दीत ८४ आणि हायवेला ६८ ही त्याची सही आहे. रेडिएटरला वारा लागला की तापमान पडतं. डॅशबोर्डची सुई यावर विश्वासाची नाही, ती बऱ्याच गाड्यांत मोठ्या पट्ट्यात मधोमधच थांबवलेली असते.

थर्मोस्टॅटचं हाउसिंग उघडून आधी स्टॅट आहे का बघा. नवीन घेताना त्यावर कोरलेलं उघडण्याचं तापमान बघा, या इंजिनाला ८८ च्या आसपासचं येतं. ७६ वालं "थंड राहील" म्हणून देतील, घेऊ नका. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर लावून उघडतो कुठे ते तपासता येतं. इंजिन पूर्ण थंड असतानाच झाकण उघडा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, नळाचं पाणी नको. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून, ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करून हवा काढा. नंतर हायवेला ८५ ते ९५ मध्ये स्थिर राहायला हवं.

होज बदलताना दोन्ही तोंडांचं ऑइल ब्रेक क्लीनरने पुसा, नाहीतर नवा होज पहिल्याच चढाला सांध्यातून सुटतो. क्लॅम्प पाइपच्या उंचवट्याच्या मागे बसला पाहिजे, त्याच्यावर नाही. आणि रेडिएटरचा होज माप जुळतं म्हणून इथे लावू नका. तो ऑइल आणि या दाबाला बनलेला नसतो.

दोन्ही कामं एकाच दिवशी करू नका. आधी होज, मग तिसऱ्या गिअरची तीच चाचणी, एमएपी २०० पार झाला का बघा. मग स्टॅट आणि एक पूर्ण टाकी. नाहीतर कशाने किती फरक पडला ते कळणार नाही, आणि दोन्हीनंतरही १७ च्या खाली राहिलात तर नोझलवाल्यांच्या चार बाटल्या आहेतच.